यार्डातली वही आणि हातातला फोन



भुसावळहून आगगाडीने जाताना खिडकीबाहेर पसरलेले रुळांचे जाळे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मुंबईकडून येणारा लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा खंडवा-इटारसीकडे जातो. सुरतेहून तापीकाठाने येणारा मार्ग जवळच जळगावला मिळतो. या जाळ्यात मालगाड्या तासन् तास उभ्या दिसतात, आणि प्रवाशाला वाटते की येथे कोणी काही करीतच नाही. वस्तुस्थिती उलट आहे. धावणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या गाडीभोवती जास्त माणसे राबत असतात. त्यांच्या कामाला मोबाइलवरील अ‍ॅपची मदत कशी करून देता येईल आणि ती करून देताना काय सांभाळले पाहिजे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम यार्ड म्हणजे काय ते पाहू. पूर्वी एकेका व्यापाऱ्याची एकेक वाघीण निरनिराळ्या गावांना जात असे. त्या वाघिणी फोडून, निवडून, एका दिशेच्या एकत्र जोडणे हे यार्डाचे मुख्य काम होते. १९८० नंतरच्या दशकात रेल्वेने हा प्रकार कमी करीत आणला आणि संपूर्ण गाडी एकाच ठिकाणी भरून एकाच ठिकाणी रिकामी करण्याची पद्धत रूढ केली. कोळशाच्या अशा एका गाडीला साधारणपणे ५८ वाघिणी असतात. मग यार्डाचे काम संपले काय? नाही. गाडीची तपासणी येथे होते, इंजिन आणि चालक येथे बदलतात, बिघडलेली वाघीण, जिला यार्डातली माणसे ‘सिक’ म्हणतात, ती येथे काढली जाते आणि पुढचा मार्ग मोकळा होईपर्यंत गाडी येथेच थांबते.

या सर्व कामाचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे : कोणती वाघीण, कोणत्या रुळावर, कितव्या क्रमांकावर आणि कोणत्या स्थितीत उभी आहे? याचे उत्तर पिढ्यान् पिढ्या एका माणसाने दिले. हातात वही, कानावर पेन्सिल आणि रात्री बत्ती घेऊन तो गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाई व प्रत्येक वाघिणीचा क्रमांक उतरवून घेई. परत येऊन तो ती यादी कचेरीत देई. तोपर्यंत यार्डात दोन हालचाली झालेल्या असत आणि यादी शिळी झालेली असे. शिळ्या यादीवर दिलेला हुकूम म्हणजे चुकीच्या रुळावर पाठविलेले इंजिन.

या विलंबाची किंमत कोण देतो? रावेर-सावद्याच्या शेतकऱ्याला विचारा. तेथून केळी रेल्वेने दिल्लीला जातात. कोळसा एक दिवस थांबला तर चालतो. केळीच्या घडाला तेवढा धीर नसतो.

आकड्यांची नोंद यंत्रावर नेण्याचे काम रेल्वेत केव्हाच सुरू झाले. १९८६ साली रेल्वेने माहिती-प्रणालीसाठी ‘क्रिस’ ही संस्था काढली. मालवाहतुकीची तिची प्रणाली आज देशभर चालते. परंतु कचेरीतल्या पडद्यावर दिसणारे चित्र खरे ठरण्यासाठी रुळावरची नोंद आधी खरी असावी लागते. अ‍ॅपची जागा नेमकी तेथे आहे.

वाघिणीवरचा क्रमांक अकरा आकडी असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष आणि पुढचे चार तिचा स्वतःचा क्रमांक सांगतात. अकरावा आकडा पडताळ्याचा. त्याची रीत शाळेतल्या मुलालाही जमेल अशी आहे. उदाहरणासाठी २२०११४३६१५ हे दहा आकडे घ्या. दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा यांची बेरीज १८. तिची तिप्पट ५४. उरलेल्या पाचांची बेरीज ७. एकूण ६१. पुढचे पूर्ण दशक ७०, म्हणजे ९ कमी. म्हणून अकरावा आकडा ९. आता धुळीने माखलेला ३ कोणी ८ वाचला, तर एकूण ६६ होते, पडताळा ४ येतो आणि अ‍ॅप तेथल्या तेथे सांगते की पुन्हा पाहा. वहीला हे सांगता येत नव्हते.

पण येथेच यंत्राची मर्यादाही पाहून घ्या. त्याच क्रमांकातील शेजारचे ६ आणि १ उलटे लिहिले गेले, तर बेरीज ५१ होते आणि पडताळा पुन्हा ९ च येतो! चूक सुटली आणि यंत्राने होकार दिला. शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचे अंतर असले की ही रीत फसते. म्हणून अ‍ॅपच्या होकारानंतरही माणसाच्या डोळ्याचे काम उरतेच.

दुसरी गोष्ट संपर्काची. दोन्ही बाजूंना पोलादी वाघिणींच्या भिंती असताना फोनला संदेशलहरी मिळतीलच असे नाही. म्हणून नोंद आधी फोनमध्ये साठली पाहिजे आणि संपर्क येताच पुढे गेली पाहिजे. मधल्या वेळेत दुसऱ्याने त्याच रुळाची वेगळी नोंद केली असेल, तर अ‍ॅपने स्वतः निवाडा करू नये. दोन्ही नोंदी यार्डमास्तरांपुढे ठेवाव्यात. तिसरी गोष्ट आपल्या उन्हाची. वैशाखातल्या भुसावळी दुपारी झगझगाटात पडदा दिसत नाही आणि घामेजलेले बोट नीट उमटत नाही. तेव्हा अक्षरे ठळक हवीत, बटणे मोठी आणि मोजकी हवीत आणि भाषा मराठी व हिंदी हवी. घरी अहिराणी बोलणाऱ्या पॉइंट्समनला कचेरीच्या इंग्रजीची परीक्षा द्यावी लागता कामा नये.

एक अनुभव सांगतो. एका खाजगी सायडिंगवर कामगारांना असेच फोन दिले गेले. ते तयार करणाऱ्यांपैकी कोणी उन्हात रुळावर उभे राहून पाहिले नव्हते. पडदा दिसेना, म्हणून माणसे पूर्वीप्रमाणे वहीत लिहीत आणि केबिनमध्ये येऊन फोनमध्ये भरीत. काम दुप्पट झाले. फोनने मात्र सर्व नोंदी एकाच वेळी, एकाच जागी झाल्याचे कळविले आणि ‘तुम्ही रुळावर गेलाच नाही’ म्हणून एका कामगाराकडून खुलासा मागण्यात आला. त्याच्या वहीची घामाने भिजलेली पाने टेबलावर ठेवली, तेव्हा प्रकरण मिटले. त्या दिवसापासून माझे मत ठाम आहे : नोंदीचा उपयोग गाडी शोधण्यासाठी होणार की माणसाला पकडण्यासाठी, हे फोन हातात देण्यापूर्वी लेखी ठरले पाहिजे.

याहून मोठी गोष्ट जिवाची. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधील बरौनी जंक्शनवर इंजिन आणि डबा यांच्यामध्ये सापडून एका रेल्वे कामगाराचा बळी गेला. तो शंटिंगच्या कामावर होता. दोन बफरांमधली ती हातभर जागा कोणत्याही नकाशात दिसत नाही. म्हणून अ‍ॅपने माहिती द्यावी. हालचालीचा हुकूम देऊ नये. इंजिन हलेल ते नेमलेल्या माणसाच्या झेंडीने, बत्तीने किंवा ठरलेल्या बोलीने, पडद्यावर हिरवा ठिपका उमटला म्हणून नव्हे. आणि रुळ ओलांडताना कोणीही फोनकडे पाहू नये. नोंद उभे राहून, सुरक्षित जागेवरूनच व्हावी.

मग असे अ‍ॅप तयार कसे करावे? बनविणाऱ्याने आधी आठ दिवस नोंद घेणाऱ्याबरोबर चालावे, त्यांतल्या निम्म्या पाळ्या रात्रीच्या असाव्यात. नंतर कागदावर पडद्याची चित्रे काढून ती कामगारांपुढे ठेवावीत. मग एकाच रुळावर प्रयोग करावा आणि काही काळ वही व फोन शेजारी शेजारी चालवून फरक मोजावा. फरक नाहीसा झाला म्हणजे वही बंद करावी. दोन्ही कायम चालविणे हा वेठबिगारीचाच प्रकार होय.

धुळेकर म्हणतील, हा भुसावळचा प्रश्न आहे. तसे नाही. चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० साली सुरू झाला आणि धुळे आजवर त्या फाट्याचे शेवटचे टोक राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्राने मंजुरी दिली. तो धुळ्यावरून जावयाचा आहे. तो झाला म्हणजे मालगाड्या धुळ्यातही थांबतील आणि तुमच्यापैकीच कोणाचा तरी मुलगा तेथे रात्रपाळीला उभा असेल.

यंत्राला माझा विरोध नाही. वही घेऊन पावसात चालण्यात काही पुण्य नाही, आणि ते काम हलके होत असेल तर मी पहिला टाळी वाजवीन. माझे मागणे एवढेच की त्या मुलाच्या हातात जो फोन येईल, तो तयार होताना त्याला कोणीतरी विचारलेले असावे.