‘भाविक होती’ एवढ्यावर आजी संपत नाही

वसई तालुक्यातल्या आमच्या बचत गटांत हिंदू बायका आहेत, आदिवासी बायका आहेत, कॅथलिक ख्रिस्ती बायकाही आहेत. एकमेकींच्या घरी लग्नाला जातो तशा मयतालाही जातो. पण दुसऱ्या धर्माच्या घरात काय चाललंय ते कळत नाही आणि अशा वेळी विचारायला संकोच वाटतो. म्हणून आज बोलू या, कॅथलिक घरातली आई किंवा आजी गेल्यावर तिची आठवण कशी ठेवतात, आणि त्यात आपण बायकांनी काय भर घालायला हवी.

आधी रीत समजून घेऊ. अंत्यविधीला चर्चमध्ये मिस्सा होते. मिस्सा म्हणजे फादर वेदीपाशी करतात ती मुख्य उपासना. मग दफन होतं. पुढे अनेक घरांत सातव्या दिवशी, महिन्याने आणि वर्षाने तिच्या नावाने मिस्सा ठेवतात. दरवर्षी २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस असतो. तेव्हा कबरी साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. आपल्या प्रार्थनेचा गेलेल्या माणसाला आधार होतो, अशी त्यांची श्रद्धा आहे.

चर्चच्या वहीत तिचा बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू नोंदलेला असतो. तीन तारखा मिळतात. मधलं आयुष्य मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. त्याबद्दल विचारलं की घरचे म्हणतात, “फार भाविक होती.” ते खरंही असतं. पण भाविक म्हणजे रोज ती काय करायची?

बहुतेक आज्यांच्या हातात जपमाळ असायची, तिलाच रोझरी म्हणतात. तिच्यात दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात. प्रत्येक मण्याला मारियामातेची प्रार्थना म्हणायची आणि प्रत्येक भागाला येशूच्या किंवा मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा. पूर्वी असे १५ प्रसंग होते. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी आणखी पाच घातले. १५ प्रसंगांना दहा-दहा म्हणजे १५० प्रार्थना होतात. बायबलमध्ये स्तोत्रंही १५० आहेत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी जपमाळ ही त्या स्तोत्रांच्या जागी होती. शिवाय १९६२ ते १९६५ मध्ये रोमला धर्मपरिषद भरली, त्यानंतर मिस्सा लोकांच्या बोलीत होऊ लागली. त्याआधी ती लॅटिन भाषेत व्हायची. आज ऐंशीच्या पुढे असलेल्या आज्यांनी लहानपणी तीच ऐकली. भाषा कळत नसली तरी मणी कळत होते.

आता एका आईची गोष्ट सांगतो. तिचं नाव मोनिका. उत्तर आफ्रिकेतल्या ताघास्ते गावची. ते ठिकाण आज अल्जीरिया देशात आहे. ती ३८७ साली वारली. तिचा मुलगा म्हणजे संत ऑगस्टीन. आई गेल्यावर दहा-बारा वर्षांनी त्याने आपल्या आयुष्याचं पुस्तक लिहिलं, त्यात आईचंही आयुष्य सांगितलं. नुसतं ‘भाविक होती’ म्हणून तो थांबला नाही. लहानपणी पिंपातून द्राक्षारस आणायला पाठवलं की ती गुपचूप घोट घ्यायची, एका दासीने टोमणा मारला तेव्हा सवय सुटली, हेही त्याने लिहिलं. नवरा तापट होता. सासूचे कान नोकरांनी भरले होते. दोन बायका भांडल्या आणि दोघी तिच्यापाशी येऊन बोलल्या, तर जेवढ्याने समेट होईल तेवढंच ती इकडून तिकडे सांगायची. गट चालवणाऱ्या आपल्याला हे किती कठीण आहे ते ठाऊक आहे!

नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांना ती गप्प राहायला सांगायची, हेही त्या पुस्तकात आहे. ते आज आपण घेणार नाही. आपल्यापाशी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. आठवण ठेवायची म्हणजे तिचं सगळंच पाळायचं असं नाही. पण सगळं सांगितलं म्हणून तर काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कळतं.

ती परमुलखात वारली. नातू जवळ होता, तो हंबरडा फोडून रडला. मरण्याआधी तिने मुलांना सांगितलं, मला कुठेही पुरा, फक्त देवाच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. मृतांच्या नावाने मिस्सा ठेवतात त्यामागची भावना हीच. ऑगस्टीनने पुस्तकात तिचं नाव एकदाच लिहिलं आहे, आणि तेही वाचणाऱ्यांनी तिची आठवण करावी म्हणून. कॅथलिक चर्च २७ ऑगस्टला तिचा सण पाळतं.

हे आमच्याही उपयोगी पडलं. गेल्या वर्षी आमच्या एका गटातल्या आजी गेल्या. महिन्याच्या मिस्सेनंतर बैठकीत आम्ही त्यांची मुलगी, सून, नात आणि शेजारणी यांना एकत्र बसवलं. सुरुवातीला सगळ्या म्हणाल्या, “भाविक होत्या.” मग आम्ही विचारलं, पहाटे उठून काय करायच्या?

तेव्हा मुलगी बोलू लागली. आई अंधारात भाजीची टोपली भरून पहिली गाडी धरायची. वसई रोड सुटलं की जपमाळ सुरू व्हायची ती बोरिवलीच्या आत संपायची, कारण पुढे गर्दीत हात हलत नसे. सून म्हणाली, “जपमाळ झाल्याशिवाय जेवण नाही. पोरं उपाशी झोपायची, मला राग यायचा.” शेजारीण म्हणाली, विहिरीच्या पाळीवरून जावेशी त्यांचा कितीतरी वर्षं अबोला होता, पण जाऊ अंथरुणाला खिळली तेव्हा रोज पेज त्यांनीच नेली. मग मुलीने सांगितलं की नातीच्या नर्सिंगच्या फीसाठी त्यांनी बांगड्या मोडल्या होत्या. नातीला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती म्हणाली, “मी आजीला कधी विचारलंच नाही.”

मैत्रिणींनो, विचारायचं तर आजी समोर आहे तोवरच. पुढच्या बैठकीत गटातल्या सर्वांत थोरल्या बाईला मध्ये बसवा. एकीने वही धरा. माहेरचं आणि सासरचं पूर्ण नाव आधी लिहा. मग विचारा: पहिली कमाई कशाची होती? सर्वांत कठीण वर्ष कोणतं? तेव्हा कुणी हात दिला? देवापाशी काय मागितलं, आणि स्वतः काय केलं? कुणाशी भांडण झालं, ते मिटलं का? जे सांगायचं नसेल ते सांगू नका म्हणावं. तिची परवानगी घेऊन लिहा आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवा.

घर हिंदूचं असो, ख्रिस्ताचं असो, नाहीतर मुसलमानाचं. मेणबत्ती, पणती, फातिहा, जी ज्या घरची रीत असेल ती घर सांभाळेलच. वही मात्र गटाने सांभाळायची आहे.