कोरकू भाषेचं गणगोत

धार आणि देवास म्हटलं की मराठी वाचकाला पवार आठवतात. 1728 साली चिमाजी अप्पांच्या फौजेनं आमझेऱ्याजवळ माळव्याच्या मोगल सुभेदाराचा पराभव केला. ते आमझेरा आजच्या धार जिल्ह्यात आहे. पवारांच्या एका शाखेनं धारला राज्य केलं, तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या दोन पात्यांनी देवासला, आणि नर्मदेपलीकडे मराठी घरं रुजली. या स्थलांतराच्या सनदा आहेत, पत्रं आहेत, वंशावळी आहेत.

याच मुलखात मराठीच्या कितीतरी आधी पोचलेली एक भाषा आहे आणि तिच्या प्रवासाचा एकही कागद नाही. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, बागली-उदयनगरकडे, डोंगर नर्मदेच्या दिशेनं उतरत जातात. तिथे भिलाला आणि बारेला यांच्या शेजारी कोरकू राहतात. त्यांची मोठी वस्ती नर्मदेच्या दक्षिणेला आहे: हरदा, खंडवा, बुऱ्हाणपूर, बैतूल आणि आपल्याकडे मेळघाट. 2011 च्या जनगणनेत सुमारे सव्वासात लाख लोकांनी कोरकू ही मातृभाषा नोंदवली. या भाषेचे सख्खे नातेवाईक झारखंडात आहेत आणि चुलत नातेवाईक कंबोडिया-व्हिएतनामात. कागद नसताना हे कसं ठरलं, ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

आधी आपल्याच घरातलं उदाहरण घेऊ. मराठीत वीस, वाघ, वीज, वाट. हिंदीत बीस, बाघ, बिजली, बाट. शब्द सारखे आहेत, पण महत्त्वाचं साम्य नाही, फरक आहे. फरक दर वेळी एकाच जागी आणि एकाच प्रकारचा येतो: मराठीत ‘व’ तिथे हिंदीत ‘ब’. योगायोगानं एखादा शब्द जुळेल, चार जुळतील. पण फरक असा नेमानं जुळत नाही. तो नेम दिसला की दोन्ही भाषा एका जुन्या भाषेतून फुटल्या असं मानावं लागतं. आणि ‘विचार’ हिंदीतही विचारच का राहिला? कारण तो वारशानं आला नाही, संस्कृतातून पुढे थेट उचलला गेला. म्हणजे अपवादही काहीतरी सांगतो. कोणता शब्द घरचा आणि कोणता उसना हे त्यावरून कळतं.

आता हीच रीत कोरकूला लावू. कोरकूत माणूस म्हणजे ‘कोरो’, मुंडारीत ‘होड़ो’, संतालीत ‘होड़’. झारखंडातल्या ‘हो’ भाषेचं नावही याच शब्दाचं. कोरकूत मूल ‘कोन’, मुंडारीत ‘होन’. मासा कोरकूत ‘काकू’, संतालीत ‘हाको’. वारा कोरकूत ‘कोयो’, मुंडारीत ‘होयो’. कोरकूचा ‘क’ तिकडे ‘ह’ झालेला आहे. वाघाला मात्र कोरकूत ‘कुला’ आणि मुंडारीतही ‘कुला’. तिथे बदल का झाला नाही, याचीही चौकशी झाली. काहींनी मूळचे दोन वेगळे ध्वनी मानले, काहींनी पुढच्या स्वराकडे बोट दाखवलं. नियमाला न बसणारा शब्द बाजूला टाकून द्यायचा नसतो, त्याच्यापाशीच थांबायचं असतं. या अभ्यासाची सगळी शिस्त तिथे आहे.

अंकांमध्ये हे नातं आणखी उघड दिसतं. चार कोरकूत ‘उफुन’, संतालीत ‘पोन’. सहा दोन्हीकडे ‘तुरुइ’. दहा दोन्हीकडे ‘गेल’. बागलीपासून संताल परगण्यापर्यंतच्या पट्ट्यात मध्ये गोंडी पसरली आहे, जी द्राविडी आहे. म्हणजे हे अंक शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे आलेले नाहीत. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1906 साली आलेल्या चौथ्या खंडात, जो स्टेन कोनो यांनी तयार केला, मुंडा आणि द्राविडी भाषा अशा वेगवेगळ्या मांडल्या आहेत. कोरकू त्यात मुंडा कुळात आहे, आणि त्या कुळाचं सर्वांत पश्चिमेचं टोक तीच.

आता पूर्वेकडे चला. कोरकूचं ‘कोन’ व्हिएतनामीत ‘कोन’, ख्मेरमध्ये आणि म्यानमारातल्या मोन भाषेतही जवळजवळ तेच. मासा व्हिएतनामीत ‘का’. हात कोरकूत ‘ती’, मेघालयातल्या खासीत ‘क्ती’, ख्मेरमध्ये ‘डाय’, व्हिएतनामीत ‘ताय’. चार ख्मेरमध्ये ‘बुओन’, व्हिएतनामीत ‘बोन’. मूल, हात, मासा, लहान अंक हे शब्द माणूस सहसा उसने घेत नाही. बाजारातले, कचेरीतले, देवळातले शब्द तो घेतो, आणि कोरकूनं ते हिंदी-मराठीतून भरपूर घेतले आहेत. म्हणूनच तुलनेत ते धरायचे नसतात. या मोठ्या कुळाला ऑस्ट्रोएशियाटिक म्हणतात. निकोबारच्या भाषाही त्यातल्याच.

इथे एक फसवी वाट आहे, आणि चांगले अभ्यासक तिच्यात अडकलेले आहेत. व्हिएतनामी बोलताना शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो, तसंच थाईत होतं. म्हणून व्हिएतनामी एके काळी थाईच्या गोतात घातली गेली. 1954 साली आंद्रे ओद्रिकूर यांनी दाखवून दिलं की व्हिएतनामीचे सूर मागाहून आले, शब्दांच्या शेवटचे व्यंजन-ध्वनी झिजले तेव्हा. कोरकूतही खालचा सूर आहे, नॉर्मन झाइड यांनी तो नोंदवला. पण तो तिच्या स्वतःच्या वाटेनं आलेला आहे, व्हिएतनामीशी त्याचा संबंध नाही. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेदही तसाच. मराठीत तो आहे, कोरकूत आहे, द्राविडी भाषांत आहे, मलायमध्येही आहे. एवढ्यावरून या सगळ्या एका घरच्या ठरत नाहीत. सूर आणि वाक्याची ठेवण शेजारानं पसरू शकते. कोरकूत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, मराठीसारखं, तर ख्मेरमध्ये मधोमध. तरी गोत ख्मेरशीच.

ही वाट किती लांब नेते हे 1906 सालीच दिसलं. विल्हेल्म श्मिट यांनी त्या वर्षी मांडलं की ऑस्ट्रोएशियाटिक आणि ऑस्ट्रोनेशियन ही दोन्ही कुळं एकाच महाकुळाची असावीत. ऑस्ट्रोनेशियन म्हणजे तैवानहून निघून फिलिपीन्स, इंडोनेशिया, हवाई आणि पश्चिमेला मादागास्करपर्यंत समुद्रानं पोचलेल्या भाषा. कल्पना भव्य होती. डोळा कोरकूत ‘मेड’, व्हिएतनामीत ‘मात’, मलायमध्ये ‘माता’ हे वाचताना आजही मन तिकडे ओढलं जातं. पण आधुनिक ग्रीकमध्येही डोळा म्हणजे ‘माती’, आणि त्याचा मलायशी काडीचा संबंध नाही. श्मिट यांच्या महाकुळासाठी नेमानं जुळणाऱ्या फरकांची पुरेशी मालिका कुणी दाखवू शकलं नाही, म्हणून बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ते मान्य करत नाहीत. नकार देण्याची हीच ताकद असल्यामुळे कोरकू-ख्मेर नात्याला दिलेल्या होकारावर विश्वास ठेवता येतो.

मग कोण कुठून आलं? मुंडा भाषा मुळात भारतातल्याच आणि इथून पूर्वेकडे गेल्या, असं बराच काळ म्हटलं जायचं. आता पारडं उलट्या बाजूला झुकलं आहे. 2019 साली फेलिक्स राऊ आणि पॉल सिडवेल यांनी मांडलं की या भाषांचे आद्य बोलणारे सुमारे 3500 ते 4000 वर्षांपूर्वी आग्नेय आशियातून समुद्रमार्गे महानदीच्या मुखाकडे उतरले आणि तिथून आत पसरले. जनुकांचा अभ्यास याला जोड देतो, पण एक वेगळी गोष्टही सांगतो. मुंडा भाषा बोलणाऱ्या पुरुषांमध्ये बापाकडून येणारी आग्नेय आशियाई खूण मोठ्या प्रमाणात सापडते, तर आईकडून येणारा वारसा जवळजवळ सगळा भारतीय आहे. म्हणजे आलेले थोडे होते, बहुधा पुरुष. ते इथल्या बायकांशी संसार करून राहिले आणि त्यांची भाषा टिकली. कोरकू तेव्हा ‘बाहेरचे’ ठरतात का? मुळीच नाही. त्यांच्या आज्या-पणज्या इथल्याच.

धार जिल्हा हेच दुसऱ्या बाजूनं दाखवतो. तिथली निम्म्याहून जास्त लोकसंख्या आदिवासी आहे: कुक्षी, डही, गंधवानी, बाग या भागांतले भिल्ल आणि भिलाला. ही माणसं या डोंगरांत फार जुनी, पण त्यांच्या भिली, भिलाली या भाषा आर्य कुळातल्या, गुजराती-राजस्थानीच्या जवळच्या. ग्रिअर्सन यांच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग त्यांना दिलेला आहे. भिल्लांच्या पूर्वजांची आधीची भाषा केव्हातरी गेली आणि शेजारची आली. एका जिल्ह्यात लोक राहिले आणि भाषा बदलली. जवळच्या दुसऱ्या जिल्ह्यात भाषा दूरवरून आली आणि तिनं इथलं रक्त घेतलं. भाषेवरून वंश सांगायची घाई करणाऱ्यानं धारहून बागलीला एकदा जाऊन यावं.

कोरकूची चिंता मला वाटते ती वेगळ्या कारणासाठी. संताली 2003 साली आठव्या अनुसूचीत आली. कोरकू दोन राज्यांत वाटली गेली आहे, एकीकडे शाळा हिंदीत, दुसरीकडे मराठीत, आणि दोन्हीकडे तिला सहज ‘बोली’ म्हणून टाकलं जातं. जिची सख्खी भाषा आठव्या अनुसूचीत आहे आणि जिचं चुलत घर व्हिएतनामची राष्ट्रभाषा आहे, तिला बोली म्हणणं अज्ञानाचं आहे.

आणि कोरकूच्याही मागे एक भाषा आहे. बुलढाण्याच्या जळगाव जामोद तालुक्यात आणि लगतच्या बुऱ्हाणपूर भागात दोन-अडीच हजार लोक निहाली बोलतात. वरची सगळी चाळणी तिला लावली गेली. 1962 साली एफ. बी. जे. कायपर यांनी तिचे शब्द एकेक करून वेगळे काढले. पुष्कळ शब्द कोरकूचे निघाले, दोन ते चार हे अंक द्राविडी वळणाचे, पाचापासून पुढचे आर्य. हे सगळं वजा केल्यावर जे उरलं ते कशातच बसलं नाही. पाण्याला निहालीत ‘जोप्पो’ म्हणतात. के. एस. नागराज यांनी कोरकूचं व्याकरण 1999 साली आणि निहालीचं पुस्तक 2014 साली पुरं केलं. त्यानंतरही ‘जोप्पो’ला भाऊबंद सापडलेला नाही.