जमिनीखालच्या विषाचा हिशेब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नदीत रंगीत पाणी सोडलं तर दुसऱ्या दिवशी ते गावाला दिसतं. मासे मेले तर वर्तमानपत्रात फोटो येतो. पण तेच पाणी बोअरमध्ये सोडलं किंवा कारखान्याचा गाळ खड्ड्यात लोटून वर मुरूम टाकला, तर कळायला कित्येक वर्षं जातात. कळतं तेव्हा ते कुणाच्या तरी विहिरीतून उपशाबरोबर वर आलेलं असतं. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण कारखान्यांच्या विषारी कचऱ्याबाबत फार महागात पडली आहे. म्हणून जमिनीखाली काय जातं यावरची सरकारी देखरेख नदीवरच्या देखरेखीहून कडक असावी लागते. या देखरेखीबद्दलचे काही पक्के रुजलेले गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १: माती सगळं गाळून घेते, गाडलं की संपलं.

वस्तुस्थिती: मातीतून झिरपताना पाण्यातला गाळ आणि बरेचसे जंतू अडतात, हे खरं. पाण्यात विरघळलेले क्षार आणि रसायनं मात्र अडतीलच असं नाही. शिवाय आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात पाणी भेगांतून आणि सांध्यांतून वाहतं. तिथे गाळून घ्यायला माती नसतेच.

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाने या गैरसमजाची किंमत मोजली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे एच-ॲसिड हे रंगांसाठी लागणारं रसायन तयार होऊ लागलं. उत्पादन फार काळ चाललं नाही. एच-ॲसिड निघालं जेमतेम ३७५ टन, पण मागे सुमारे २,४४० टन गाळ उरला. त्यातून मुरलेल्या पाण्याने विहिरी काळवंडल्या. ते पाणी माणसांच्या, गुरांच्या किंवा पिकांच्या कामाचं राहिलं नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली, तेव्हा प्रदूषण जमिनीखाली सत्तर फुटांपर्यंत पोचलं होतं. १९८९ साली सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये निकाल दिला की सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यानेच द्यायचा. तरीही ३७ कोटींहून अधिक रक्कम व्याजासह भरण्याचा अंतिम आदेश यायला २०११ उजाडलं.

गैरसमज २: आपल्याकडे भूजलासाठी कायदाच नाही.

वस्तुस्थिती: १९७४च्या जल प्रदूषण कायद्यात ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येतच भूगर्भातलं पाणी येतं. त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की विषारी किंवा प्रदूषण करणारा पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडता येणार नाही. म्हणजे बोअर मारून सांडपाणी खाली ढकलायचं, ज्याला ‘रिव्हर्स बोअरिंग’ म्हणतात, हा या कायद्याचा सरळ भंग आहे.

घातक कचऱ्यासाठी १९८९पासून स्वतंत्र नियम आहेत. सध्याचे नियम २०१६चे. त्यांनुसार कारखान्याला हा कचरा आपल्या आवारात सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो बाहेर पाठवताना सात रंगांच्या सात प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीचं नोंदपत्र, भरावं लागतं. एक प्रत पाठवणारा प्रदूषण नियंत्रण मंडळाला देतो, दुसरी माल पोचल्यावर घेणारा मंडळाला देतो. दोन्ही प्रती समोरासमोर ठेवल्या की निघालेले टन आणि पोचलेले टन जुळतात का ते कळतं. जुळले नाहीत, तर वाटेत टँकर कुठे तरी रिकामा झाला आहे, असाच त्याचा अर्थ. बिछडीत एवढा ताळमेळही नव्हता. २,४४० टनांपैकी सुमारे ७२० टन गाळ खड्ड्यांत साठवलेला होता, बाकीचा आसपास पसरून मातीत मिसळून गेला होता.

आपल्याला नवे कायदे कमी आणि या प्रती खरोखर ताडून पाहणारी माणसं जास्त लागणार आहेत.

गैरसमज ३: अमेरिकेत विषारी पाणी जमिनीत सोडायला परवानगी आहे, मग इथे काय हरकत?

वस्तुस्थिती: अमेरिकेत अशी परवानगी आहे, हे खरं. पण ती कोणत्या अटींवर मिळते हे सांगितल्याशिवाय हे उदाहरण देणं धोक्याचं आहे. तिथल्या १९७४च्या पेयजल सुरक्षा कायद्याखाली जमिनीत द्रव सोडणाऱ्या विहिरींचे सहा वर्ग केले आहेत. घातक औद्योगिक सांडपाणी पिण्यायोग्य पाण्याच्या सर्वांत खालच्या थराच्याही खाली सोडावं लागतं आणि मध्ये पाणी न झिरपणारा खडक असावा लागतो. विहिरीत नळीभोवती नळी आणि सिमेंटचं अस्तर असतं, आणि दाबावर सतत लक्ष ठेवलं जातं. १९८४च्या दुरुस्तीनंतर आणखी कठोर अट आली. हा कचरा १०,००० वर्षं आपल्या थराबाहेर जाणार नाही किंवा तोवर निरुपद्रवी होईल, हे कंपनीनेच सिद्ध करायचं.

या कडकपणाला पार्श्वभूमीही होती. डेन्व्हरजवळच्या ‘रॉकी माउंटन आर्सेनल’ या लष्करी कारखान्याने ३,६७१ मीटर खोल विहीर खणली आणि मार्च १९६२पासून तीत विषारी सांडपाणी सोडायला सुरुवात केली. काही आठवड्यांतच त्या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. मध्ये काही महिने सोडणं थांबलं तेव्हा धक्केही कमी झाले. डेव्हिड इव्हान्स या भूशास्त्रज्ञाने १९६५मध्ये हा संबंध आकडेवारीनिशी मांडला, आणि फेब्रुवारी १९६६मध्ये विहीर थांबवली गेली. तरी सर्वांत मोठा, सुमारे ५ तीव्रतेचा धक्का बसला तो ऑगस्ट १९६७मध्ये, विहीर थांबल्यानंतर दीड वर्षाने. खाली ढकललेला दाब खडकात पसरत राहतो, वरचा पंप बंद झाला तरी.

आपल्याकडे कायदा याला वाव देत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्या कातळातून गाव पाणी पितं, त्याच कातळात कारखान्याचं पाणी सोडून चालणार नाही.

गैरसमज ४: घातक कचरा पुरण्याची ‘सुरक्षित भूमी’ म्हणजे झाकलेला उकिरडा.

वस्तुस्थिती: तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे महाराष्ट्रातली घातक कचऱ्याची सामाईक प्रक्रिया केंद्रं आहेत. तिथे आलेला कचरा आधी प्रयोगशाळेत तपासतात. जळण्यासारखा असेल तर भट्टीत जातो. विरघळून झिरपण्याची शक्यता असेल तर चुना, सिमेंट असे पदार्थ मिसळून तो घट्ट करतात. त्यानंतरच तो सुरक्षित भूमीत जातो. तिच्या तळाशी दाबलेली चिकणमाती आणि जाड प्लास्टिकचं दुहेरी अस्तर असतं, झिरपणारं पाणी गोळा करायला नळ्या असतात, आणि भोवतीच्या निरीक्षण विहिरींतून भूजलाचे नमुने घेतले जातात. उकिरडा आणि अशी भूमी यांत फरक आहे तो या तपासणीचा. तपासणी थांबली की फरकही उरत नाही.

गैरसमज ५: सरकारी परवाना मिळाला म्हणजे धोका उरला नाही.

वस्तुस्थिती: फ्रान्समध्ये अल्सास प्रांतातल्या विटेल्सहाइम इथल्या जुन्या पोटॅश खाणीत घातक कचरा ठेवायला १९९७ साली परवाना मिळाला. हा कचरा गरज पडल्यास पुन्हा बाहेर काढता येईल, असं आश्वासन होतं. १९९९मध्ये साठवण सुरू झाली. सप्टेंबर २००२मध्ये, खाली नेण्याची परवानगीच नसलेल्या मालाने पेट घेतला आणि खाणीत आग लागली. पुढे काही कचरा काढला गेला, पण सुमारे ४२,००० टन अजून जमिनीखाली साडेपाचशे मीटरवर आहे. मिठाचा खडक हळूहळू दबत बोगदे आवळत जातो, म्हणून काढणं वर्षागणिक अवघड होतं. वर अल्सासचा भूजलसाठा आहे. परवान्यावरच्या अटी चोख होत्या, पण दारातून आत जाणारं प्रत्येक पोतं कोणी तपासलं नाही.

गैरसमज ६: भूमी भरून झाकली की देखरेख संपली.

वस्तुस्थिती: खरी देखरेख तिथून पुढे सुरू होते. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल या अर्धवट सोडलेल्या कालव्यात १९४२ ते १९५३ या काळात सुमारे वीस हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि वर चिकणमाती घातली. १९५३मध्ये ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला विकली गेली. खाली रसायनं आहेत, हे खरेदीखतात लिहिलेलंही होतं. तरी शाळा उभी राहिली, भोवती घरं झाली, आणि रस्ते-गटारांच्या खोदकामात मातीचं झाकण फुटलं. १९७८मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. अशा जागा साफ करण्याचा ‘सुपरफंड’ कायदा १९८०मध्ये आला, तो याच अनुभवातून. आपल्याकडेही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना भूमी बंद झाल्यानंतर ३० वर्षं काळजी घ्यायला सांगतात.

गैरसमज ७: हे तज्ज्ञांचं काम, गावकऱ्याला यात काय कळतं?

वस्तुस्थिती: सर्वोच्च न्यायालयाच्या २००३च्या आदेशानुसार कारखान्याला फाटकाबाहेर फलक लावून घातक रसायनं, सांडपाणी आणि घनकचरा यांची माहिती द्यावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला दिलेलं संमतीपत्र आणि मॅनिफेस्टचे तपशील माहिती अधिकारात मागता येतात. संमतीपत्रात किती टन कचरा लिहिला आहे आणि प्रक्रिया केंद्रात किती टन पोचला, एवढी वजाबाकी शाळेत गेलेल्या कुणालाही जमते. बोअरच्या पाण्याचा रंग, वास, चव बदलली तर तारीख लिहून ठेवा, पाण्याचा नमुना तपासायला द्या आणि तक्रार लेखी करा. बिछडीत सगळ्यांत आधी विहिरीचं पाणी बदललेलं पाहिलं ते तिथल्याच शेतकऱ्यांनी.

जमिनीखाली गेलेलं विष कुणाला दिसत नाही, म्हणून त्याची नोंद वहीत दिसायला हवी आणि ती वही कोणालाही उघडून पाहता यायला हवी.