दुभाष्या बदलताना

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. सुटीत ती घरी आली म्हणजे त्यांच्या बोलण्यात ‘कंपायलर’ हा शब्द हटकून येतो. ही वस्तू काय आहे आणि ती बदलणे एवढे जोखमीचे का, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगण्याचा आमचा विचार आहे.

मनुष्य आज्ञावली लिहितो ती ‘सी’सारख्या भाषेत, यंत्राला कळते ती केवळ शून्य आणि एक यांची भाषा. या दोहोंमधला दुभाष्या म्हणजे कंपायलर.

‘फ्रीबीएसडी’ ही संगणक चालविणारी मूलभूत प्रणाली १९९३ पासून स्वयंसेवकांनी जोपासली आहे. तिची आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी आणि आपले बदल स्वतःपाशी ठेवले तरी हरकत नाही, अशी तिची उदार अट. तिचा दुभाष्या होता ‘जीसीसी’. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला. तोही सर्वांना खुला. मात्र त्यात सुधारणा करून तो इतरांना देणाऱ्याने ती सुधारणाही खुली केली पाहिजे, असा त्याचा दंडक. २००७ साली हा दंडक अधिक कडक झाला. फ्रीबीएसडीच्या मंडळींना तो मानवला नाही आणि जुन्या अटींवर मिळालेल्या ४.२.१ या आवृत्तीवरच ती थांबली. यात दोष कोणाचाच नव्हता. दोघांची स्वातंत्र्याची व्याख्या निराळी होती. परंतु थांबलेला दुभाष्या म्हातारा होऊ लागला. नव्या यंत्रांची आणि भाषेच्या नव्या नियमांची त्याला ओळख नव्हती.

पर्याय मिळाला तो अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रुजलेल्या कार्यातून. तेथे २००० साली ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांनी ‘एलएलव्हीएम’चा पाया घातला. अडवे हे पवईच्या आय.आय.टी.चे माजी विद्यार्थी. त्या पायावर उभा राहिलेला ‘क्लँग’ हा दुभाष्या ॲपल कंपनीने २००७ मध्ये सर्वांस खुला केला. २०१० मध्ये फ्रीबीएसडीने तो आणला, नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रमुख यंत्रांसाठी मुख्य केला आणि जानेवारी २०१४ च्या दहाव्या आवृत्तीबरोबर तो लोकांच्या हाती गेला. जुना जीसीसी प्रणालीतून पूर्णपणे गेला तो २०२० साली.

एवढी वर्षे का लागावी? इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील दप्तरांत मोडी कागद आहेत. ते नित्य वाचणारा जुना कारकून लेखकाच्या लकबी जाणून अडखळत नाही. नवा जाणकार मात्र प्रत्येक संदिग्ध अक्षरापाशी थांबतो. येथेही तेच झाले. जीसीसी सी भाषेचे १९८९ चे वळण गृहीत धरी, क्लँग १९९९ चे. मूल्य परत देण्याचे वचन देऊन रिकाम्या हाताने परतणारा आज्ञासमूह जुना दुभाष्या चालवून घेई. नवा त्याला चूक ठरवी. फ्रीबीएसडीवर चालणाऱ्या बाहेरच्या आज्ञावल्या वीस हजारांहून अधिक. त्यांतील कित्येक अडल्या. कोणाची दुरुस्ती झाली, तर कोणाला जीसीसीच्याच स्वाधीन ठेवावे लागले. वर्षानुवर्षे दबून राहिलेले दोष असे उजेडात आले.

याहून गंभीर असा विश्वासाचाही प्रश्न आहे. केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणात दाखवून दिले, की लबाड कंपायलर निर्दोष आज्ञावलीतही चोरदरवाजा घालू शकतो आणि मूळ मजकूर कितीही वाचला तरी तो सापडत नाही. एकाच दुभाष्यावर विसंबणाऱ्याला त्याची लबाडी कळावी कशी? स्वतंत्रपणे घडलेला दुसरा हाती असेल तरच पडताळा घेता येतो.

जुन्याचेही यात अहित झाले नाही. चूक नेमकी कोठे आहे हे ओळीखाली खूण करून दाखविण्याची क्लँगची रीत जीसीसीनेही २०१३ मध्ये उचलली. आज फ्रीबीएसडी नव्या जीसीसीनेही घडविता येते. आमच्या मते या खटाटोपाची खरी कमाई हीच, की तिचा मजकूर आता एकाच दुभाष्याच्या मर्जीवर अवलंबून राहिलेला नाही.