डीएनए-रंजके : नाव आणि पुरावा

जेलमधील विद्युत्‌संचारणाने डीएनएचे तुकडे लांबीनुसार विलग होतात. परंतु ते डोळ्यांस दिसत नाहीत. त्यांना दृश्य करण्यासाठी रंजकाचा आश्रय घ्यावा लागतो. एथिडियम ब्रोमाइड हे यांतील सर्वांत परिचित रंजक होय. त्याचा चपटा रेणू लगतच्या दोन बेस-जोड्यांमध्ये शिरतो व तेथे बद्ध होताच त्याचे अनुस्फुरण सुमारे वीसपट वाढते. जंबुपार किरणांत नारिंगी पट्टे उमटतात, ते यामुळेच.

हाच गुण धोक्याचेही मूळ आहे. असा शिरलेला रेणू डीएनएची प्रत निघताना चूक घडवू शकतो. जीवाणूंवरील एम्स कसोटीत, यकृतातील एंझाइमांची जोड दिली असता, हे द्रव्य प्रबळ उत्परिवर्तनकारक ठरते. तथापि ‘उत्परिवर्तनकारक’ आणि ‘कर्करोगकारक’ ही पदे समानार्थी नव्हेत. पहिल्यास जीवाणूंवरील पुरावा पुरतो. दुसऱ्यास पुरत नाही. एथिडियमामुळे मनुष्यास कर्करोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही. उलट, ‘होमिडियम’ या नावाने हेच द्रव्य आफ्रिकेत गुरांच्या ट्रिपॅनोसोमजन्य रोगावर, दर किलोग्रॅम वजनास सुमारे १ मिलिग्रॅम या मात्रेने, टोचले गेले आहे.

मग सावधगिरी अनाठायी म्हणावी काय? तसेही नव्हे, ती योग्य स्थळी हवी. जेलमध्ये रंजक दर मिलिलिटरास साधारणतः ०.५ मायक्रोग्रॅम असते. साठ्याच्या द्रावणात १० मिलिग्रॅम, म्हणजे वीस हजार पट. खरी जोखीम पूड तोलताना आणि साठा हाताळताना असते. जंबुपार किरण तर डोळ्यांस व त्वचेस त्याच दिवशी इजा करतात. त्यांविषयीची बेफिकिरी मात्र सर्वत्र आढळते.

नव्या रंजकांच्या नावांतच ‘सेफ’ हे विशेषण दिसू लागले आहे. ‘सायबर सेफ’ निळ्या प्रकाशात दिसते, त्यामुळे जंबुपार किरण टळतात. हा लाभ खरा आहे. परंतु विशेषण म्हणजे निष्कर्ष नव्हे. ‘सायबर ग्रीन’ स्वतः दुर्बळ उत्परिवर्तनकारक असले, तरी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याने जीवाणूंवरील जंबुपार किरणांचा उत्परिवर्तक परिणाम वाढविल्याचे आढळले.

सारांश, रंजक कोणतेही असो, नायट्राइलचे हातमोजे, किरणरोधक मुखावरण आणि टाकाऊ द्रावणातील रंजक सक्रियित कोळशावर शोषून घेणे, हे नियम बदलत नाहीत. बाटलीवरील नाव विक्रेता ठरवितो. धोका मात्र मात्रा आणि संपर्क यांनी ठरतो.