शेपटी झटकली म्हणजे दुखलेच?

मज्जारज्जू म्हणजे मेंदूला वेदना कळवणारी नुसती तार, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात वेदनेचा निरोप इथेच अडतो, वाढतो किंवा मंदावतो. हे काम चेतापारेषके (एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी रसायने) करतात. शेतात दारे धरणारा माणूस कुठल्या वाफ्यात किती पाणी सोडायचे ते ठरवतो, तसेच काहीसे. ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी दार उघडतात. एन्केफॅलिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ते बहुधा बुजवतात.

प्रयोगशाळेत उंदराच्या शेपटीवर प्रखर दिव्याची उष्णता सोडतात आणि ती किती सेकंदांत झटकली जाते ते मोजतात. ही चाचणी १९४१ पासूनची. १९७६ मध्ये मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात थेट मॉर्फिन सोडल्यावर शेपटी झटकायला जास्त वेळ लागू लागला, असे दिसले. उलट, तिथेच सबस्टन्स पी टोचले की उंदीर अंग खाजवू लागतात, स्वतःला चावू लागतात.

पण शेपटी किती वेळाने झटकली, एवढ्यावरून ‘उंदराला कमी दुखले’ असे म्हणणे घाईचे ठरेल. बातम्यांत ही घाई हमखास दिसते. शेपटी झटकणे ही प्रतिक्षिप्त क्रिया (विचाराविना होणारी हालचाल) आहे. मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला, तरी उंदराची शेपटी झटकली जातेच.