रस्ता बंद करण्याचा अधिकार कोणाचा?

गेल्या कांहीं वर्षांत शिक्रापूर व भोंवतालच्या गांवांतील पालक मंडळींशीं बोलतांना एक प्रश्न आमच्या कानीं वारंवार येतो. "गुरुजी, आमच्या शेतावरून रस्ता जाणार म्हणतात, हें ठरवितो कोण, आणि त्याला विचारावयाचें कोठें?" दुसरा कोणी याच्या अगदीं उलट विचारतो : "आमची पिढीजात वाट शेजाऱ्यानें बंद केली; ती उघडावयाची कोणी?" प्रश्न दोन दिसतात, परंतु मूळ एकच आहे. रस्ता ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे. म्हणून तो काढण्याचा, वळविण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार कायद्यानें निरनिराळ्या हातीं वांटून दिला आहे, आणि ज्यांस त्यापासून उपद्रव व्हावयाचा, त्यांस आधीं कळविण्याची व त्यांचें म्हणणें ऐकण्याची अट कमीअधिक प्रमाणांत त्यावर घातली आहे. हे हात कोणाचे व ती अट कोणती, एवढेंच या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

शिक्रापूर हें पुण्यापासून सुमारें ४० किलोमीटरांवर, वेळ नदीच्या कांठीं, पुणें-नगर रस्त्यावर वसलेलें आहे. (नगर म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, २०२४ सालापासून त्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें आहे.) चाकणहून येणारा रस्ता येथें या हमरस्त्यास मिळतो व पुढें तळेगांव ढमढेरे आणि न्हावरें यांकडे जातो. एका अंगास चाकणचे कारखाने, दुसऱ्या अंगास सणसवाडी व रांजणगांवचे. त्यामुळें मालमोटारी, कामगारांच्या बसगाड्या, उसाचे ट्रॅक्टर आणि दप्तरें पाठीवर टाकून निघालेलीं मुलें, असा सर्व मेळा एकाच चौकांत जमतो. अशा गांवांत रस्त्याचा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं.

प्रथम तात्पुरत्या बंदीचा विचार करूं. दरवर्षीं १ जानेवारीस पेरणें येथील जयस्तंभास अभिवादन करण्यासाठीं लाखों लोक कोरेगांव भीमाच्या बाजूस येतात. १८१८ सालच्या त्याच दिवशीं झालेल्या कोरेगांवच्या लढाईचें तें स्मारक होय. या गर्दीसाठीं शिक्रापूर व पुणें यांच्यामधील हमरस्ता इतर वाहनांस बंद करण्यांत येतो, आणि नगरकडून येणारीं वाहनें शिरूरहून न्हावरें व केडगांव-चौफुला या मार्गानें दौंड तालुक्यांतून सोलापूर रस्त्यावर नेऊन पुण्याकडे सोडतात. हा फेरा मोठा आहे, आणि त्या दिवशीं ज्यास दवाखाना किंवा आगगाडी गांठावयाची असते, तो कुरकुर करतोच. तथापि या आज्ञेंत चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असतात : बंदी कोणत्या रस्त्यास, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत, कोणत्या वाहनांस, आणि त्यांनीं जावयाचें कोणत्या वाटेनें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमान्वयें राज्यशासनास, किंवा त्यानें नेमून दिलेल्या अधिकाऱ्यास, लोकांच्या सुरक्षिततेसाठीं किंवा सोयीसाठीं अशी बंदी घालतां येते. ती एक महिन्याच्या आंतली असेल तर स्थानिक रीतीनें लोकांस कळविलें म्हणजे पुरे. त्याहून अधिक काळाची असेल तर मात्र राजपत्रांत प्रसिद्ध करावी लागते. ही एक महिन्याची मर्यादा पालकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. चौकांत दोन पिंपें व एक दोरी लावून कोणी वाट अडविली, आणि ती तशीच कित्येक महिने अडलेली राहिली, तर "आज्ञा कोठें आहे?" असें नम्रपणें विचारण्याचा हक्क कोणाहि नागरिकास आहे.

रस्ता बंद करणें म्हणजे नेहमीं कांहीं हिरावून घेणेंच असतें असें मात्र नव्हे. ११ डिसेंबर २०२१ रोजीं पुणें महानगरपालिकेनें लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांस बंद ठेवून 'पादचारी दिन' पाळला, आणि पुढील वर्षींहि तो उपक्रम चालविला. ज्या रस्त्यावर एरव्हीं पाऊल टाकावयास जागा सांपडत नाहीं, त्याच्या मधोमध मुलें चालूं लागलीं. दुकानदारांची भीति नेहमीं एकच असते : गाडी दारांत येत नसेल तर गिऱ्हाईक येणार कसें? ही भीति हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. परंतु गाडींत बसलेला मनुष्य दुकानांत शिरत नाहीं, पायीं चालणाराच शिरतो, हेंहि तितकेंच खरें आहे. आमच्या मतें असा प्रयोग आधीं एक दिवस करून पाहणें, मग आठवड्यांतून एकदां करणें, आणि त्यानंतरच कायमचा विचार करणें, ही रीत उत्तम होय.

आतां कायमच्या व्यवस्थेकडे वळूं. नवा रस्ता कोठून न्यावा, जुना किती रुंद करावा, घरें कोठें व्हावींत आणि कारखाने कोठें, हें सर्व एका नकाशांत ठरविण्याचा प्रघात आपल्या प्रांतांत १९१५ सालच्या मुंबई नगररचना कायद्यानें पडला. हिंदुस्थानांतील या प्रकारचा तो पहिला कायदा. हल्लीं महाराष्ट्रांत १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा चालतो. त्यान्वयें नगरपालिकेस आपल्या हद्दींत विकास आराखडा करावा लागतो. शिरूर शहरापुरतें हें काम शिरूर नगरपरिषदेचें. ग्रामपंचायतीस हा अधिकार नाहीं. ही गोष्ट शिक्रापुरासारख्या मोठ्या गांवांतील पुष्कळांस ठाऊक नसते, आणि ते सरपंचाशीं व्यर्थ भांडत बसतात.

या नकाशांत जमिनीस रंग दिलेले असतात. पिवळा रंग रहिवासाचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा व हिरवा शेतीचा. यासच विभागणी म्हणतात. तिचा हेतु अगदीं साधा आहे : रात्रभर यंत्रें चालणारा कारखाना बाळंतिणीच्या खिडकीशीं असूं नये, आणि रासायनिक सांडपाणी कोणाच्या विहिरीच्या अंगास वाहूं नये. तथापि विभागणी म्हणजे कांहीं पोलादी भिंत नव्हे; पिवळ्या भागांत किराण्याचें दुकान किंवा मर्यादित शक्तीची पिठाची गिरणी चालूं शकते, कारण शेजाऱ्यास त्यांची गरजच असते. रंग बदलावयाचा झाल्यास ३७ व्या कलमाप्रमाणें सूचना प्रसिद्ध करून लोकांस हरकतीसाठीं एक महिना द्यावा लागतो. मौज अशी कीं, हिरव्याचा पिवळा होण्याकडे सर्वांचें लक्ष असतें, कारण जमिनीचा भाव वाढतो. परंतु शाळेसाठीं, दवाखान्यासाठीं किंवा मैदानासाठीं राखून ठेवलेला तुकडा हळूच मोकळा होतो, तेव्हां हरकत घ्यावयास बहुधा कोणीच जात नाहीं. मैदानावर खेळणाऱ्या मुलांस मत नसतें. त्यांच्या वतीनें पालकांनींच जावयास नको काय?

येथें एका स्कॉटिश गृहस्थाचें स्मरण होतें. पॅट्रिक गेडिस हे १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले, आणि पुढें मुंबई विद्यापीठांत नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्या काळचे इंजिनियर पट्टी घेऊन जुन्या शहरांतून सरळ रुंद रस्ते आंखीत आणि मध्यें येतील तीं घरें पाडीत. गेडिस यांनीं तसें केलें नाहीं. ते गल्लोगल्लीं पायीं हिंडत, कोठें एखादें पडकें घर काढलें असतां वारा खेळेल, कोठें एखादी विहीर साफ केली असतां भागेल, हें पाहत. आणि थोडक्या खर्चांत, थोडकीं घरें हलवून, तेंच काम साधावें असें सुचवीत. होळकरांच्या इंदूर शहरीं १९१७ सालीं प्लेगाचें भय असतां त्यांनीं दिवाळीच्या मिरवणुकीचा उपयोग करून घेतला. मिरवणूक नेहमींच्या वाटेनें न जातां, ज्या रस्त्यांवरील लोकांनीं आपलीं घरें स्वच्छ व दुरुस्त केलीं असतील, त्याच रस्त्यांनीं जाईल असें जाहीर झालें; मग काय, सारें शहर झाडू हातीं घेऊन उठलें! रस्त्याचा विचार रस्त्यावर राहणारास बरोबर घेऊन करावा, हें त्या गृहस्थांस जितकें कळलें होतें, तितकें पुष्कळ पदवीधरांस अजून कळलेलें नाहीं.

आमच्या भागांतील ताजें उदाहरण यापेक्षां फार मोठें आहे. २०१५ सालीं पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालें. त्याचें क्षेत्र सुमारें सात हजार चौरस किलोमीटर असून शिरूर व दौंड तालुक्यांतील पुष्कळ गांवें त्यांत येतात. २ ऑगस्ट २०२१ रोजीं या प्राधिकरणानें आपल्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. तो हातीं पडतांच गांवोगांवीं एकच धांवपळ उडाली. कोणाच्या बागायतीवरून वर्तुळाकार रस्त्याची रेघ गेलेली, कोणाचें शेत आरक्षणांत, तर कोणाचें हिरव्यांतून पिवळ्यांत येऊन नशीब उघडलेलें! कायद्याप्रमाणें हरकतीस दिवस फक्त तीस, आणि तेहि ऐन पावसाळ्यांतले. तथापि सुमारें ६७ हजार हरकती व सूचना दाखल झाल्या. त्यांवर सुनावण्या झाल्या, प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांतहि गेलें, आणि अखेर २०२५ सालीं राज्यशासनानें तो मसुदाच रद्द करण्याचा निर्णय घेतला.

हें ऐकून कोणी टाळ्या वाजवील. पण आम्हांस तसें करवत नाहीं. त्या चार वर्षांत शेतकऱ्यास घर बांधावें कीं बांधूं नये, विहीर खोदावी कीं खोदूं नये, मुलीच्या लग्नासाठीं तुकडा विकावा तर गिऱ्हाईक कोणता भाव देईल, यांतलें कांहींच कळत नव्हतें. दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर आराखडा नसणें हेंहि सुख नव्हे. योजना नसतां घरें उठतात तीं वाटेल तशीं उठतात, गल्ली आठ फुटांची राहते, आणि एके रात्रीं आगीचा बंब किंवा आजाऱ्याची गाडी तोंडाशींच थांबते. तेव्हां हरकत घेणारा सदाच खरा असतो असें समजूं नये. माझें शेत वांचावें म्हणून रेघ शेजाऱ्याच्या शेतांत ढकला, एवढेंच ज्या अर्जांत आहे, तो अर्ज ऐकणाऱ्यानें बाजूस ठेवला तर त्यास दोष देतां येत नाहीं.

मग चांगली हरकत कशी असते? आमच्या विद्यार्थ्यांस निबंधाचा सराव असतो, म्हणून हें काम घरांतील मुलांनीं वडिलांसाठीं करावें असें आम्ही सुचवितों. 'आमच्यावर घोर अन्याय झाला असून आम्ही देशोधडीस लागलों' अशा भाषेचा उपयोग होत नाहीं. त्यापेक्षां असें लिहावें : 'मौजे अमुक, गट क्रमांक अमुक. नकाशांतील प्रस्तावित रस्ता माझ्या विहिरीवरून व गोठ्यावरून जातो. त्याच्या उत्तरेस ओढ्याकांठीं पडीक जागा आहे. रस्ता तेथून नेल्यास कोणाचें घर पडत नाहीं व लांबीहि वाढत नाहीं. सोबत सात-बाराचा उतारा व मोजणीचा नकाशा जोडला आहे. मला समक्ष ऐकून घ्यावें.' एवढें पुरे. अर्ज देऊन पोंच घ्यावी, आणि ती पोंच सात-बाराबरोबर जपून ठेवावी. नगरपालिकेच्या आराखड्याच्या बाबतींत या हरकती ऐकण्यासाठीं नियोजन समिती असते. तींत पालिकेचे तीन सभासद व नगररचनेचे जास्तींत जास्त चार बाहेरचे जाणकार बसतात. ती अहवाल देते, पालिका त्यावर विचार करून आराखडा शासनाकडे पाठविते, आणि शासनाची मंजुरी मिळाल्यावरच तो अंमलांत येतो.

मंजुरी मिळूनहि जमीन नुसती अडकून पडली, तर तीसहि उपाय आहे. १२७ व्या कलमान्वयें, अंतिम आराखडा अंमलांत आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली गेली नाहीं, तर मालकास खरेदीची सूचना देतां येते. त्यानंतर २४ महिन्यांच्या आंत ती घेण्याच्या दिशेनें योग्य पाऊल पडलें नाहीं तर आरक्षण आपोआप सुटतें. जमीन पुन्हा मालकाच्या हातीं मोकळी होते. पण सूचना मात्र मालकानेंच द्यावी लागते. नुसतीं दहा वर्षें भरून भागत नाहीं.

आतां राहिला दुसऱ्या पालकाचा प्रश्न, शेजाऱ्यानें वाट अडविल्याचा. गांवठाणांतील सार्वजनिक रस्त्यावर कोणी ओटा किंवा कुंपण पुढें सारलें, तर तें काढण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ५३ व्या कलमानें ग्रामपंचायतीस दिला आहे; येथें मात्र सरपंचाकडे जाणें योग्य होय. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडली असेल तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या ५ व्या कलमाखालीं तहसीलदाराकडे दावा लावतां येतो. वकिलाचा मोठा खर्च नाहीं, तहसीलदार समक्ष जागा पाहूं शकतो, आणि अडथळा काढण्याचा हुकूमहि देऊं शकतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा लागला पाहिजे. पुष्कळजण पहिले चार महिने भावकीच्या बैठकींत घालवितात, पुढें तोडणी सुरू होते, ऊस शेतांत उभा राहतो, गाडी आंत जात नाहीं, आणि तहसील कचेरीची आठवण होते तेव्हां मुदत टळलेली असते. बैठक जरूर व्हावी. पण दिनदर्शिकेवर तारखेस खूण करून व्हावी.

दाव्यास जातांना गांवनकाशाची नक्कल बरोबर असली म्हणजे काम सोपें होतें. ती तालुक्याच्या ठिकाणीं भूमि अभिलेख कचेरींत मिळते. त्या नकाशांत दोन समांतर तुटक रेघा दिसल्या तर ती गाडीवाट समजावी, आणि एकच तुटक रेघ असेल तर ती पाऊलवाट.